लेझरने टॅटू काढायला नेमका किती वेळ लागतो? मशीनची मिनिटं आणि शरीराचे महिने

आपल्या मराठीत ‘टॅटू काढला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. हातावर टॅटू करून घेतला तरी ‘काढला’ आणि लेझरने घालवला तरी ‘काढला’च. शब्द एकच असला तरी वेळेचा हिशोब मात्र एकदम वेगळा आहे. पहिला ‘काढला’ एका दुपारी होऊन जातो. दुसऱ्या ‘काढला’ला वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

हे माहीत नसल्यामुळे बरेच जण अडकतात. कुणाची भरतीची मेडिकल पुढच्या महिन्यात असते, तर कुणाचं लग्न दिवाळीनंतर. मग गुगलवर शोधाशोध सुरू होते, ‘एकाच सिटिंगमध्ये टॅटू गायब’ अशी रील दिसते आणि पैसे भरले जातात. म्हणून आज आपण बघू की लेझर त्वचेत नक्की काय करतं, एवढा वेळ का लागतो आणि तुमच्या टॅटूला अंदाजे किती लागेल. हा शेवटचा हिशोब तुम्ही स्वतः कागदावर करू शकता. (या लेखात ‘काढणे’ म्हणजे घालवणे, असं धरून चालू.)

आधी थोडक्यात उत्तर

- लेझरचं प्रत्यक्ष काम: छोट्या टॅटूसाठी एका सिटिंगला काही मिनिटं
- दोन सिटिंगमधलं अंतर: साधारण ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त
- एकूण सिटिंग: टॅटूनुसार ५-६ पासून १५ किंवा अधिक
- एकूण कालावधी: सोप्या टॅटूला ७-८ महिने, नेहमीच्या टॅटूला दीड-दोन वर्षं

समजा १० सिटिंग लागल्या आणि प्रत्येक वेळी ५ मिनिटं लेझर चाललं. म्हणजे मशीनचं एकूण काम ५० मिनिटांचं. पण १० सिटिंगमध्ये ९ गॅप येतात. प्रत्येक गॅप ८ आठवड्यांचा धरला तर ७२ आठवडे, म्हणजे साडेसोळा महिने झाले. ५० मिनिटांच्या कामाला साडेसोळा महिने का लागतात, हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

शाई मुळात टिकते कशी?

टॅटूची सुई शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात सोडते. वरचा थर सतत झडत आणि नवा येत असतो, त्यामुळे तिथली शाई निघून जाते. दुसऱ्या थरातली तशी जात नाही.

पण तिथेही ती नुसती पडून नसते. शरीराला ती बाहेरची वस्तू वाटते आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी ती गिळतात. शाईचे कण मोठे असल्यामुळे या पेशींना ते पचवताही येत नाहीत आणि हलवताही येत नाहीत. मग कण पोटात धरून त्या तिथेच बसून राहतात. आपल्याला दिसणारा टॅटू म्हणजे बऱ्याच अंशी शाईने भरलेल्या या पेशीच. २०१८ मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखवली. अशी पेशी मेली की तिची शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. पेशी बदलत राहतात, टॅटू आपल्या जागी राहतो.

मग लेझर काय करतं?

लेझर शाई ‘पुसत’ नाही आणि जाळूनही टाकत नाही. ते फक्त कण फोडतं.

यामागचं तत्त्व अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर प्रकाशाचा असा रंग निवडायचा जो शाई जास्त शोषेल आणि आजूबाजूची त्वचा कमी. आणि तो इतक्या कमी वेळासाठी मारायचा की कणातली उष्णता बाहेर पसरायच्या आत काम संपलं पाहिजे. कण इतक्या पटकन तापतो की तो तडकतो. गरम काचेच्या ग्लासात अचानक बर्फाचं पाणी ओतल्यावर ग्लास तडकतो तसंच, फक्त इथे तापमान अचानक वर जातं.

‘कमी वेळ’ म्हणजे किती? टॅटूसाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं क्यू-स्विच्ड लेझर एका झटक्यात साधारण ५ ते १० नॅनोसेकंद चालतं. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या मोठ्या फूटपट्टीएवढा.

झटका बसला की ती जागा लगेच पांढरी दिसते. लोकांना वाटतं टॅटू गेला! तसं नसतं. उष्णतेमुळे त्वचेत तयार झालेले वायूचे बारीक बुडबुडे पांढरे दिसतात आणि साधारण २० मिनिटांत ते विरतात. खाली टॅटू जवळपास तसाच असतो. बऱ्याच रीलमध्ये व्हिडिओ याच पांढऱ्या क्षणाला कट केलेला असतो, हे लक्षात ठेवा.

राडारोडा उचलायला वेळ लागतो

जुना वाडा पाडायला जेसीबीला अर्धा दिवस पुरतो. पण राडारोडा गल्लीतून बाहेर काढायला किती दिवस जातात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. लेझर म्हणजे जेसीबी. राडारोडा उचलायचं काम तुमचं शरीर करतं.

फुटलेले बारीक कण आता पेशींना हलवता येतात. त्यातले बरेचसे लसिकावाहिन्यांमधून जवळच्या गाठींकडे जातात, थोडे वरच्या खपलीबरोबर पडतात. हे काम आठवड्यांच्या वेगाने चालतं. म्हणून सिटिंगनंतर दुसऱ्या दिवशी फारसा फरक दिसत नाही, पण दीड-दोन महिन्यांनी टॅटू फिकट झालेला जाणवतो.

शिवाय एका झटक्यात सगळे कण फुटत नाहीत. वरच्या कणांनी बराच प्रकाश शोषला की खालच्यांपर्यंत कमी पोहोचतो. वरचे हलले की पुढच्या वेळी खालच्यांचा नंबर. म्हणून टप्पे लागतातच.

‘दर १५ दिवसांनी सिटिंग घेतली तर लवकर संपेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नाही असं आहे. राडारोडा उचलायच्या आत पुन्हा जेसीबी आणून उपयोग नाही आणि बरी न झालेली त्वचा पुन्हा भाजली तर व्रण राहू शकतो. इटलीत ३५२ लोकांवर केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ आठवडे किंवा त्याहून कमी अंतराने सिटिंग घेणाऱ्यांत निकाल कमी चांगला दिसला. त्याच अभ्यासात १० सिटिंगनंतर सुमारे ४७ टक्के लोकांचे टॅटू यशस्वीपणे निघाले, तर १५ नंतर सुमारे ७५ टक्के. म्हणजे १० सिटिंग करूनही निम्म्याहून जास्त लोकांचं काम बाकी होतं.

तुमच्या टॅटूला किती सिटिंग? हिशोब करून बघा

डॉक्टर किर्बी आणि देसाई यांच्या गटाने २००९ मध्ये यासाठी एक सोपी गुणपद्धत दिली. सहा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे ढोबळमानाने लागणाऱ्या सिटिंग.

१. त्वचेचा रंग: सर्वात गोऱ्या त्वचेला १, सर्वात गडद त्वचेला ६. आपल्याकडे ४ आणि ५ खूप दिसतात.
२. जागा: डोकं-मान १, धडाचा वरचा भाग २, धडाचा खालचा भाग ३, दंड किंवा मांडी ४, कोपराच्या वा गुडघ्याच्या खाली ५.
३. रंग: फक्त काळा १, काळ्यात थोडा लाल २, काळा-लाल आणि थोडे इतर रंग ३, अनेक रंग ४.
४. शाईचं प्रमाण: हौशी हाताने केलेला १, कमी शाई २, मध्यम ३, भरपूर ४.
५. आधीचा व्रण किंवा उंचवटा: नसेल तर ०, थोडा १, मध्यम ३, जास्त ५.
६. थर: साधा टॅटू ०, जुन्यावर नवा म्हणजे कव्हर-अप असेल तर २.

आता तीन उदाहरणं घेऊ. तिन्हींत त्वचा ४ धरली आहे.

मनगटावर स्टुडिओत केलेलं काळं नाव: ४ + ५ + १ + २ + ० + ० = १२. बारा सिटिंग म्हणजे ११ गॅप, प्रत्येकी ८ आठवडे. एकूण ८८ आठवडे, साधारण २० महिने.

दंडावर जत्रेत करून घेतलेलं काळं नाव: ४ + ४ + १ + १ + ० + ० = १०. म्हणजे साडेसोळा महिने. हौशी हाताने केलेल्या टॅटूत शाई सहसा कमी आणि साधी काळी असते, म्हणून तो तुलनेने लवकर जातो.

मनगटावरच्या नावावर केलेला रंगीत, भरीव कव्हर-अप: ४ + ५ + ४ + ४ + ० + २ = १९. अठरा गॅप, १४४ आठवडे. पावणेतीन वर्षं!

हा अंदाज आहे, गॅरंटी नाही. काहींचं कमी सिटिंगमध्ये होतं, काहींचा हलका ठसा शेवटपर्यंत राहतो. पण ‘दोन सिटिंगमध्ये करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तुमच्या हातात निदान एक आकडा असेल.

कोणत्या गोष्टींनी वेळ वाढतो?

शाईचा रंग. काळी शाई जवळपास सगळा प्रकाश शोषते, म्हणून ती सर्वात सोपी. लालसाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश लागतो. हिरव्या-निळ्या शाईला ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटरचं लेझर लागतं आणि ते प्रत्येक क्लिनिकमध्ये नसतं. पांढरी आणि त्वचेच्या रंगाची शाई सर्वात फसवी. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड लेझर लागल्यावर काळं पडू शकतं. परमनंट मेकअप केलेल्या भुवया आणि ओठांच्या बाबतीत हा धोका खास करून असतो, म्हणून आधी छोट्या जागेवर टेस्ट करायला सांगा.

त्वचेचा रंग. आपल्या त्वचेतलं मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषतं. लेझरला शाई आणि मेलॅनिन यांतला फरक कळत नाही, जो शोषेल तो तापेल. म्हणून गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी सहसा १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर वापरतात, कारण ते मेलॅनिनमध्ये कमी शोषलं जातं. डॉक्टर ताकद कमी ठेवून सुरुवात करतात. त्यामुळे सिटिंग वाढतात, पण ‘फुल पॉवर मारा’ असा आग्रह धरू नका. टॅटू गेला आणि त्याच आकाराचा पांढरा डाग राहिला, तर नाव वाचता येतच राहतं.

जागा. मानेजवळ रक्ताचा आणि लसिकेचा प्रवाह चांगला असतो. घोटा, पाऊल, बोटं इथे तो संथ असतो. रुंद रस्त्यावरून राडारोडा लवकर जातो आणि बोळातून हळू, इतकं साधं आहे.

सिगारेट. त्याच इटालियन अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये १० सिटिंगनंतर यश मिळण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसली. यादीतल्या बाकी बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात नाहीत. ही आहे.

ऊन. टॅन झालेल्या त्वचेवर लेझर मारलं तर डाग पडायची भीती वाढते, म्हणून डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. बाइकवर हात उघडे टाकून फिरणाऱ्यांनी फुल बाह्या घाला आणि जखम बरी झाल्यावर सनस्क्रीन लावा.

पिको लेझर घेतलं तर लवकर होईल?

२०१२ च्या शेवटी अमेरिकेच्या एफडीएने टॅटूसाठी पहिल्या पिकोसेकंद लेझरला परवानगी दिली. त्याचा झटका काहीशे पिकोसेकंदांचा असतो. तुलना करायची तर क्यू-स्विचच्या एका झटक्यात प्रकाश दीड ते तीन मीटर जातो, ५०० पिकोसेकंदांच्या झटक्यात फक्त १५ सेंटिमीटर. झटका जितका छोटा, तितका कण उष्णतेपेक्षा धक्क्याने जास्त फुटतो आणि तुकडे बारीक होतात.

याचा फायदा आहे, विशेषतः निळ्या-हिरव्या शाईत. काही टॅटूंना सिटिंग कमी लागतात. पण राडारोडा उचलणारं शरीर तेच आहे, त्यामुळे मधल्या आठवड्यांची सुट्टी मिळत नाही. मशीनच्या नावापेक्षा ते कोण चालवतंय आणि त्यात कोणती वेव्हलेंग्थ आहे, हे विचारा.

एक इशारा. केस काढायचं आयपीएल मशीन टॅटूसाठी नसतं. त्याचा झटका मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे लाखो पटींनी लांब. तेवढ्या वेळात उष्णता आजूबाजूला पसरते आणि कण फुटायच्या ऐवजी कातडी भाजते. पार्लरमध्ये ‘लेझरच आहे’ असं सांगून हे वापरत असतील तर सरळ उठून या.

ऑनलाइन मिळणारं ‘लेझर पेन’ आणि क्रीम

शॉपिंग ॲपवर स्वस्तात ‘पिको पेन’ दिसतात. नाव पिको असलं म्हणून आत पिकोसेकंद लेझर असेलच असं नाही. खऱ्या मशीनचा आकार छोट्या कपाटाएवढा असतो आणि किंमत लाखांमध्ये. अशा पेनने त्वचा भाजते आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. क्लिनिकमध्ये सगळ्यांना त्या वेव्हलेंग्थचे खास चष्मे घालावे लागतात, ते उगाच नाही. क्रीमचं म्हणाल तर शाई दुसऱ्या थरात आहे आणि वरून लावलेली क्रीम तिथपर्यंत सुरक्षितपणे पोहोचत नाही. ॲसिडवाल्या क्रीमने जे जातं ते कातडं, आणि मागे राहतो तो व्रण.

मोबाईलने प्रगती कशी मोजायची

टॅटू हळूहळू फिकट होतो, त्यामुळे रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. इथे तुमचा फोन कामाला येतो, पण नीट वापरला तर. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत एक्सपोजर आणि रंग स्वतः बदलतो. उजेड जास्त असला की टॅटू आपोआप फिकट दिसतो. जाहिरातीतले बरेच ‘बिफोर-आफ्टर’ फोटो नुसत्या उजेडाच्या फरकाने बनू शकतात. म्हणून:

- दर वेळी तीच जागा, तीच वेळ. खिडकीजवळ, थेट ऊन नको.
- फ्लॅश, ब्यूटी मोड, फिल्टर, पोर्ट्रेट बंद.
- टॅटूशेजारी पांढरा कागद आणि एक रुपयाचं नाणं ठेवा. कागद दोन्ही फोटोंत सारखा पांढरा दिसला तरच तुलना खरी.
- स्क्रीनवर टॅटूवर बोट दाबून धरा म्हणजे बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं.
- फोटो सिटिंगच्या दिवशी, लेझर मारायच्या आधी काढा. नंतरच्या सुजेचा फोटो तुलनेला उपयोगाचा नाही.

एक वेगळा अल्बम करा आणि पुढची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. तीन-चार सिटिंगनंतरही फोटोंत काहीच फरक नसेल, तर तेच फोटो डॉक्टरांसमोर ठेवून सेटिंग किंवा लेझर बदलायचं का हे विचारता येतं.

भरती असेल तर आधी नियम वाचा

लष्कराच्या भरतीत हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. शरीरावर इतरत्र असेल तर अडचण येते. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी तरतूद आहे. एसएससीच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत नियम थोडा वेगळा आहे: डाव्या हाताची आतली बाजू किंवा हाताचा मागचा भाग, आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी, आणि मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव अशा प्रकारचा. तुमच्या वर्षाची जाहिरात उघडून मेडिकलचा भाग वाचा. कदाचित टॅटू काढायची गरजच नसेल.

गरज असेल तर उलटी मोजणी करा. जाहिरात यायची वाट पाहू नका, कारण जाहिरात ते मेडिकल हा काळ सहसा वरच्या हिशोबाएवढा नसतो. बारावीत असताना ठरलं असेल की भरतीला उतरायचं, तर लेझरसुद्धा तेव्हाच सुरू करा. लग्नाचंही तसंच. शेवटची सिटिंग कार्यक्रमाच्या निदान दोन-तीन महिने आधी संपेल असं बघा, म्हणजे लाली आणि खपली गेलेली असेल.

नवा टॅटू करून जुना झाकायचा असेल, तर पूर्ण घालवायची गरज नसते. काही सिटिंगमध्ये पुरेसा फिकट करून त्यावर नवा करता येतो. वेळही वाचतो आणि पैसेही.

क्लिनिकमध्ये विचारायचे प्रश्न

- लेझर कोण चालवणार? त्वचारोगतज्ज्ञ स्वतः, की दुसरं कुणी?
- कोणतं मशीन, कोणती वेव्हलेंग्थ? माझ्या शाईच्या रंगाला ती चालते का?
- माझ्यासारख्या त्वचेवर आधी टेस्ट पॅच करणार का?
- पैसे सिटिंगप्रमाणे की पॅकेज? पॅकेजमध्ये टॅटू पूर्ण गेला नाही तर पुढे काय?

आणि या गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगा: जखमेवर जाड, उंच व्रण येण्याची सवय आहे का, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे का, टॅटूच्या लाल भागाला कधी खाज किंवा सूज आली होती का, गरोदरपण आहे का. बधिर करणारी क्रीम घरून स्वतःच्या मनाने जास्त जागेवर थापून जाऊ नका. तिचं औषध रक्तात जातं आणि प्रमाण जास्त झालं तर धोका होतो.

सिटिंगनंतर फोड आला तर घाबरू नका, पण तो फोडू नका. खपली ओढू नका, जागा स्वच्छ आणि झाकलेली ठेवा. पू, ताप किंवा वाढती वेदना असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आता कागद-पेन घ्या, वरच्या सहा ओळींत तुमच्या टॅटूचे गुण भरा आणि बेरीज करा. एक वजा करून आठने गुणा. जो आकडा येईल तेवढे आठवडे तुमच्या तारखेच्या मागे जा. ती तारीख अजून पुढे असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. मागे गेली असेल तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की त्या दिवसापर्यंत टॅटू किती फिकट होईल. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी भरतीची तयारी करत असेल, हातावर नावही असेल, तर त्याला हा लेख आजच पाठवा.